तीनशेचं पेन

दादा,

तू गेल्यानंतरचं तुझं पुण्यानुमोदन काल झालं. वंदना म्हणताना मी दोनदा ओळ चुकले. तुझ्या जिममधली पोरं पांढरे शर्ट घालून आली होती. एवढ्या रुंद खांद्यांची माणसं आपल्या विहारातल्या सतरंजीवर एका ओळीत मावेनात, म्हणून निम्मी भिंतीला टेकून उभी राहिली. मांडी घालून बसणं एकालाही जमत नव्हतं. तू असतास तर हसला असतास, हे मनात आलं आणि तिथंच माझी ओळ चुकली.

पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळून झाल्या, भांडी घासून ज्याची त्याला पोचती झाली. इतके दिवस काही ना काही काम होतं. आज नाही. म्हणून लिहायला बसले. आपलं बोलणं राहिलंय. शेवटचे दोन महिने आपण बोलतच नव्हतो, आणि त्यातला अबोला जास्त माझा होता.

मी नऊ वर्षांची होते आणि तू तेरा, तेव्हा मला शुगर निघाली. सारखी तहान लागायची, वर्गात डोळे मिटायचे, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. अप्पांनी एसटीतून रजा काढून मला बार्शीच्या दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते इन्सुलिनची बाटली घेऊनच. आपल्याकडं तेव्हा फ्रीज नव्हता. मातीच्या बोळक्यात बाटली, बोळकं पाण्याच्या परातीत, आणि वरून ओलं फडकं. ते फडकं वाळू द्यायचं नाही, हे काम तुला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून आलास की दप्तर टाकायच्या आधी तू फडकं भिजवायचास.

पहिल्या दिवशी मी पलंगाखाली शिरून बसले होते. अप्पा समजावून दमले. आई रडायला लागली. मग तू एक कोरी सिरिंज फोडलीस, औषध न भरता नुसती सुई स्वतःच्या दंडात टोचलीस आणि पलंगाखाली वाकून मला म्हणालास, "बघ. मुंगी चावल्यावानी हाय. जरा मोठी मुंगी." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते मला दिसलं, पण मी बाहेर आले. आजवर या शरीराला हजारो सुया टोचल्या असतील. त्यातली एकही मी तुझ्याशिवाय टोचलेली नाही, असं मला कालपासून वाटतंय.

माझी साखर उतरली की घरात सगळ्यात आधी तुला कळायचं. मला घाम यायच्या आधी, हात कापायच्या आधी. मी उगाच भांडायला लागले की तू ओळखायचास. "वैशू भांडतीय का? आधी गूळ द्या, मग भांडा," असं तू पाहुण्यांसमोर म्हणायचास आणि मला भयंकर राग यायचा. कधी कधी मी खरंच रागावलेली असायचे, तरी तू गुळाचा खडा पुढं करायचास. एकदा मी तो तुझ्या अंगावर फेकून मारला. तू उचलून, झटकून परत माझ्या हातात दिलास. मला ओळखणारा तू होतास. तुला ओळखणारं त्या दुपारी कुणी नव्हतं.

पोलीस भरतीसाठी तू तीन वर्षं किल्ल्याच्या खंदकाकडेनं पळालास. धावण्यात पास, गोळाफेकीत पास, लेखीत पास, आणि उंचीत अर्धा सेंटीमीटर कमी. त्या दिवशी घरी येऊन तू नीट जेवलास, भाकरी मागून घेतलीस. त्यानंतर भरतीचं नाव काढलं नाहीस. जिममध्ये जायला लागलास, मग तिथंच शिकवायला लागलास. मला वाटायचं, नोकरी शोधायची सोडून हा आरशासमोर काय उभा राहतो. तसं मी बोललेही. तेव्हा तू जे म्हणालास ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. "तिथं आडनाव विचारत न्हाईत, वैशू. वस्ती कुठली ते विचारत न्हाईत. दिव्याखाली उभं ऱ्हायचं, पाठ दाखवायची. पाठच बघत्यात."

जिल्ह्याच्या स्पर्धेत तू दुसरा आलास. आईनं ती ट्रॉफी टीव्हीच्या वर ठेवली आणि रोज पुसायला लागली. आम्हाला सगळ्यांना दुसरा म्हणजे केवढं वाटलं. तुला ते लागलं होतं, हे मला उशिरा समजलं. पहिला आला त्याच्याबद्दल तुला कुणीतरी सांगितलं होतं की तो इन्सुलिन घेतो. खाल्लेलं सगळं अंगाला लागतं, मांस भरतं, कुणाच्या तपासणीत येत नाही.

मग तो शनिवार. जवळच्या वाशी तालुक्याला नोकरी लागल्यापासून मी शनिवारी घरी यायचे. तू माझ्यासाठी अंडी उकडलीस, सोललीस, आणि समोर बसून सहज विचारलंस, "वैशू, तुझं ते दिवसभर चालणारं इन्सुलिन असतंय, त्यात शंभर आणि तीनशे असं का लिवत्यात? तीनशेचं तिप्पट पावरचं असतंय का?"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. माझ्या डॉक्टरांनी नुकतंच मला शंभरचं सोडून तीनशेचं सुचवलं होतं, कारण पहाटे माझी साखर फार उतरायची. मला वाटलं, आईनं तुला सांगितलं असणार आणि तू माझ्या काळजीनं विचारतोयस. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि तक्ता काढून दिला. चाळीसचं म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट, ते बाटलीत येतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. शंभरचं म्हणजे तेवढ्याच थेंबात शंभर युनिट. त्याची सिरिंज वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये भरलं तर घात. तीनशेचं आणखी घट्ट, ते आकडा लावून टोचायच्या पेनातच येतं. थेंब छोटा, पण युनिट तेच. पेन आपलं आपण मोजून देतं, म्हणून तिप्पट वगैरे काही होत नाही. शंभरचं साधारण एक दिवस चालतं, तीनशेचं त्याहून लांब आणि सपाट चालतं.

"म्हंजे झटका देत न्हाय," तू म्हणालास.

"नाही देत," मी म्हणाले. आणि तुला आणखी एक अंडं मागितलं.

तीन आठवड्यांनी फ्रीजच्या दारात माझ्या पेनाशेजारी दुसरं पेन दिसलं. आई बाजारात गेली होती. तू व्यायाम करून येऊन ओट्यापाशी पाणी पीत होतास.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तुला कधी निघाली शुगर?"

"शुगर न्हाय. बॉडीसाठी. लई जण घेत्यात. आन हे लाँग ॲक्टिंग हाय, सेफ. तूच तर सांगितलंस."

दादा, तो तक्ता मी कुणासाठी काढला होता आणि तू कशासाठी वाचला होतास. मी तुला सांगितलं की माझ्या शरीरात ते तयारच होत नाही, म्हणून मी बाहेरून घेते. तुझं शरीर लागेल तेवढं स्वतः करतं, त्याच्यावर आणखी ओतायचं म्हणजे साखर कुठल्या कुठं जाईल. सांगितलं की जे हळू चालतं ते हळूच उतरतं. जेवणाआधीचं इन्सुलिन चुकलं तर काही तासांत त्याचा जोर जातो. हे चुकलं तर अख्खा दिवस, दुसरा दिवस धरून बसतं. साखर खाल्ली की माणूस उठून बसतो, बरं वाटतं, आणि आत ते चालूच असतं. "ते झटका देत नाही," मी ओरडून म्हणाले, "पण सोडतही नाही!"

"तू रोज घेतीस. तुला काय झालं का?"

"मी रोज भिऊन घेते म्हणून झालं नाही."

"तू जगायसाठी घेतीस, म्या जितायसाठी घेतो. तुला जगायचंय तसं मला जितायचंय, वैशू."

याला मी काय उत्तर द्यायला हवं होतं? अजूनही मला नीट सापडत नाही. तेव्हा तर मी जे बोलायला नको तेच बोलले. म्हणाले, "दुसरा आलास तेच तुझ्या मानानं खूप झालं." तुझ्या चेहऱ्यावर ती उंची मोजून आल्या दिवसाची शांतता आली. मग मी ते पेन आणि त्याच्या सुयांची डबी उचलली आणि मागच्या गटारात टाकून दिली. मला वाटलं, मिटलं.

माफ कर, असं म्हणायला मला दोन महिने होते. दर शनिवारी मी येत होते. तू माझ्या ताटाशेजारी पाणी ठेवायचास आणि उठून जायचास.

त्या मंगळवारी दुपारी मी ऑफिसात असताना तुझा फोन आला. पडद्यावर तुझं नाव बघून आधी आनंद झाला, मग लगेच राग. मी नुसतं "बोल" म्हणाले.

"वैशू, साखर उतरल्यावर साखरपाणी प्यालं तर किती येळ टिकतंय?"

मला वाटलं तू पुन्हा तोच विषय काढतोयस, मला खिजवतोयस. मी म्हणाले, "आता मला विचारू नकोस, नेटवर बघ," आणि फोन ठेवला. एक मिनिटही झालं नसेल. मीच परत लावला.

"कुणाला झालंय?"

"जिममदल्या एका पोराला. आता बरा हाय. बसलाय, बोलतोय, हसतोय."

"कोणतं घेतलं त्यानं? लाँग ॲक्टिंग?"

"व्हय."

"मग ऐक. तो बरा दिसला तरी दवाखान्यात न्या. आत्ता. त्याला झोपू देऊ नका, एकटा सोडू नका. साखर परत उतरणार. ऐकतोयस का?"

"व्हय, व्हय. नेतो."

"दादा, नक्की ने."

"नेतो गं." मग थोडं थांबून, "जेवलीस का तू?"

"जेवले," मी म्हणाले. जेवले नव्हते. डबा समोर होता. पण तू विचारलंस म्हणून मला इतकं बरं वाटलं की उगाच हो म्हणाले. वाटलं, अबोला सुटला. या शनिवारी जाऊन आपणच बोलू.

तो पोरगा तूच होतास. मी तुझ्याच तोंडावर तुझाच इलाज सांगितला आणि तू "नेतो" म्हणालास. तुझा आवाज नेहमीसारखाच होता. मी तो आवाज रोज आठवून बघते, कुठं जड झाला होता का, एखादा शब्द घसरला होता का. नाही सापडत. मला वाटतं तुला तेव्हा खरंच बरं वाटत होतं. आणि मी बरोबर होते, हे माझ्यापुढं कबूल करायला तुला लाज वाटली. एवढीशी लाज, दादा. मी काही बोलले नसते. नाही, बोलले असते. पण आधी गाडी करून आले असते.

बाकीचं जब्बारनं सांगितलं. शाळेपासूनचा तुझा जिवलग, तुला मिल्या म्हणणारा, तोही आता माझ्याशी बोलताना खाली बघतो. त्याला साडेचारला जिम उघडायचं होतं. तो आला तेव्हा मागच्या खोलीत बाकावर तू झोपलेला. आधी त्याला वाटलं दमलाय, झोपू दे. मग हाक मारली, मग हलवलं. मला फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येईना. "वैशू, जल्दी ये. मिल्या उठंना गं. घोरतोय पर उठंना."

बार्शीला तुला चार दिवस ठेवलं. सलाईनमधून साखर सोडली की आकडा वर यायचा, तासाभरात परत खाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अजून औषध आत चालू आहे, आणि मेंदूला फार वेळ साखर मिळालेली नाही. त्यांनी विचारलं, किती घेतलं होतं? कुणालाच माहीत नव्हतं. जब्बारनं तुझी बॅग आणली. त्यात एक तीनशेचं पेन निघालं, कुणीतरी वापरून दिलेलं, त्याला सुई नाही. आणि सोबत लाल टोपीची सिरिंज.

बघितल्याबरोबर मला कळलं. पेनाच्या सुया गावात मागितल्या असत्यास तर मेडिकलवाल्यानं "वैशूसाठी का?" म्हणून विचारलं असतं आणि मला कळलं असतं. म्हणून तू पेनातलं औषध सिरिंजनं ओढून घेतलंस. तीनशेचं औषध, चाळीसच्या रेघा. मी तुझ्या रिपोर्टच्या मागं हिशोब केला. तू एक समजून घेतलंस तिथं साडेसात गेलं. साडेसात पट, दादा. मॅडम म्हणाल्या, हिशोब बरोबर असता तरी निरोगी माणसानं हे घेणं धोक्याचंच, आज नाही तर उद्या. त्या मला धीर देत होत्या. पण मी काढलेल्या तक्त्यात एक ओळ नव्हती, की पेनातलं सिरिंजनं कधीच काढायचं नाही. असं कुणी करेल हे माझ्या मनातच आलं नाही. आणि सुयांची डबी मीच फेकली होती.

त्या चार दिवसांत मी तुझ्या बोटाला सुई टोचून साखर बघायचे. नर्स म्हणायच्या, आम्ही करतो. मी ऐकायचे नाही. तुझं बोट एकदाही आखडलं नाही.

अप्पांनी सगळ्यांना सांगितलं, हार्टनं गेला. अप्पांचं मी समजू शकते. नशापाणी करून मेला, इंजेक्शनं टोचून मेला, असं कुणी बोलू नये एवढंच त्यांना हवं होतं. पण काल विहारात सगळे तुझ्याबद्दल बोलत होते, किती मेहनती, किती निर्व्यसनी, आणि हार्टचं काय सांगता येत नाही. भिंतीकडची पोरं एकमेकांकडं न बघता उभी होती. मला राहवलं नाही. मी उठले.

"माझा भाऊ हार्टनं गेला नाही," मी म्हणाले. "मी रोज घेते त्या औषधानं गेला." आणि मग सगळं सांगितलं. चाळीस, शंभर, तीनशे. साखरपाणी पिऊन बरं वाटतं ते फसवं कसं असतं. फोनवर तू काय विचारलंस आणि मी काय सांगितलं, तेही सांगितलं. बोलून झाल्यावर बाहेरची कुर्डुवाडीची एसटी वळताना ऐकू आली. माझी अप्पांकडं बघायची हिंमत होईना. अप्पा उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलतीय. म्या खोटं सांगितलं." आणि खाली बसले.

जेवणं झाल्यावर तुझ्या जिममधला एकजण मागं चुलीपाशी आला. चांगला थोराड, दाढी राखलेला, लग्न झालेला माणूस. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवून गेला. मी रुमाल सोडून बघितला. पेन होतं.

हे तुला सांगावंसं वाटलं. म्हणजे काही भरून आलं असं नाही. तो माणूस वाचला तर मला बरंच वाटेल, पण त्याच्या बदल्यात तू गेलास असा हिशोब मी मांडणार नाही. मला तू हवा आहेस. दुसरा आलेला, तिसरा आलेला, कुठल्याच स्पर्धेत न उतरलेला, पोट सुटलेला, टक्कल पडलेला. मी रागावले की हातात गूळ कोंबणारा. मला तुझ्या पोरांची आत्या व्हायचं होतं. म्हातारपणी तुझ्याशी त्याच त्याच गोष्टींवर वाद घालायचा होता.

आज सकाळी मी इन्सुलिन घ्यायला फ्रीज उघडला. पेन हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं. आई उंबऱ्यात बसून बघत होती.

"त्यानं घेतलेलं ते ह्येच का?" तिनं विचारलं.

"हेच. पण त्याचं तीनशेचं, माझं अजून शंभरचंच."

"मग तुला कसं काय जगवतंय गं हे?"

मी म्हणाले, "मोजून घेतलं की जगवतं, आई. मला लागतं म्हणून."

ती उठली, पदरानं चष्मा पुसला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांत मी सुई काढली की आई दुसऱ्या खोलीत जायची, तुला तर माहीतच आहे. "मोज," ती म्हणाली. "मलाबी दाखीव आकडा. आजपासून म्या बघत जाईन."

मी आकडा लावला. तिनं तो वाचला, मोठ्यानं, एकेक अक्षर जुळवून. मग मी सुई टोचली. दादा, तिनं डोळे मिटले नाहीत.